बारा जणांची भिशी आणि पाण्यातल्या बागा

आमच्या कार्यालयात गेली कित्येक वर्षे भिशी चालू आहे. तिच्या पैशातून कुणी शिलाई मशीन घेतले, कुणी मुलीच्या लग्नाचा मांडव घातला, एकाने तर म्हैस घेतली. पण तीन वर्षांपूर्वी आमचे आबा, म्हणजे माझ्याबरोबरीचे जुने पर्यवेक्षक, एका दुपारी डबा खाताना म्हणाले, "आयुष्यभर शेतकऱ्यांच्या सहली काढल्या, आपली कधी निघाली का?" त्या दिवसापासून भिशीचा एक वेगळा डबा झाला, आणि २०२४ सालच्या फेब्रुवारी महिन्यात रीतसर परवानगी घेऊन आम्ही बारा जण मुंबईहून बँकॉकच्या विमानात बसलो. बारांतील नऊ जण विमानात पहिल्यांदाच बसत होते. सामानात कपड्यांपेक्षा भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचाच जास्त होता. लेखा शाखेतल्या वहिनींनी तर बाजरीच्या भाकरी कडक करून आणल्या होत्या.

चार तासांचा प्रवास. तिकडची घड्याळे आपल्यापेक्षा दीड तासाने पुढे. डॉन म्युआंग विमानतळावर उतरून बसने शहराकडे निघालो, तोच वाटाड्याने उजवीकडे बोट दाखवून सांगितले, "हे कासेतसात विद्यापीठ." त्या देशातले हे सर्वांत जुने कृषी विद्यापीठ, १९४३ साली स्थापन झालेले. नाव चमत्कारिक वाटले म्हणून अर्थ विचारला. 'कासेत' म्हणजे शेती, 'सात' म्हणजे शास्त्र. मी क्षणभर गप्प राहिलो. 'कासेत' म्हणजे आपले क्षेत्रच की! क्षेत्रशास्त्र. मी बी. एस्सी. ॲग्री. झालो तेव्हा इतका सुंदर शब्द कुणी आम्हाला सांगितला नव्हता.

मग बसमध्ये हाच खेळ सुरू झाला. बँकेला ते लोक 'थनाखान' म्हणतात, ते आपले धनागार. टेलिफोन म्हणजे 'थोरसप', मूळ दूरशब्द. जेवण म्हणजे 'आहान', अर्थातच आहार. आणि शाकाहाराला शब्द आहे 'मंगसविरत', मांसविरती! हा शब्द कळताच आमच्यातल्या एका माळकरी सहायकांना फार आनंद झाला. त्यांनी तो शब्द तिकडच्या लिपीत चिठ्ठीवर लिहून घेतला आणि प्रत्येक हॉटेलात पुढे केला. चिठ्ठीचा मान सगळ्यांनी राखला, पण तिथे माशांचा रस आपल्या मिठासारखा वापरतात, तो कशात नाही याची खात्री कुणालाच देता येईना. बिचारे पाच दिवस केळी, नारळाच्या दुधातला चिकट भात, आंबा आणि वहिनींच्या भाकरीवर राहिले. तक्रार मात्र एकदाही केली नाही. परत आल्यावर वजन दोन किलोंनी वाढले होते, असे त्यांनीच सांगितले.

शहराविषयी थोडे सांगतो. चाओ फ्राया नदीच्या काठी १७८२ साली ही राजधानी वसली. नदीला त्यांच्या भाषेत 'मे नाम' म्हणतात, म्हणजे पाण्याची आई. आपण कृष्णामाई म्हणतो तसेच. शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम दीड मीटर उंच. पूर्वी सगळीकडे कालवेच होते, पुढे त्यांतले पुष्कळ बुजवून रस्ते केले, आणि २०११ सालच्या महापुरात शहराच्या मोठ्या भागात पाणी शिरले. २०१९ आणि २०२१ साली आमच्या कृष्णाकाठाने जे पाहिले ते आठवून ही हकिगत ऐकताना बसमध्ये कुणी बोलले नाही.

राजवाड्याच्या आवारात पाचूच्या बुद्धाचे मंदिर आहे. मूर्ती लहानशी, पण तिचे वस्त्र वर्षातून तीनदा, ऋतू बदलला की खुद्द राजा बदलतो: उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. ओवरीच्या भिंतींवर संपूर्ण रामायण चितारलेले आहे, १७८ चित्रे. त्याला ते 'रामकिएन' म्हणतात. रावणाचे नाव 'थोत्सकान', म्हणजे दशकंठ. मात्र त्यांचा मारुती ब्रह्मचारी नाही! त्याच्या बायका किती हे वाटाड्या हसत हसत सांगू लागला, तेव्हा आमचे माळकरी सहायक कानावर हात ठेवून पुढच्या चित्राकडे निघून गेले. शेजारच्या वाट फो मंदिरात ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध पाहिला. बाकी देवळांची वर्णने पुस्तकांतून मिळतात, मी पुढे जातो.

राजवाड्याजवळ सनाम लुआंग नावाचे मोठे मैदान आहे. आम्ही गेलो तेव्हा तिथे पाहण्यासारखे काही नव्हते, आणि बाकीचे छायाचित्रे काढून बसकडे वळलेही होते. पण वाटाड्या म्हणाला, पेरणीच्या तोंडावर मे महिन्यात इथे राजाचा नांगर चालतो. सजवलेली बैलजोडी, शेतीखात्याचा सर्वांत मोठा अधिकारी नांगरावर, मागे बियाण्याच्या टोपल्या घेतलेल्या बायका. नांगरट झाली की बैलांपुढे सात गोष्टी मांडतात: भात, मका, कडधान्य, तीळ, गवत, पाणी आणि दारू. बैल काय खातील त्यावरून त्या वर्षीचे भाकीत. कार्यक्रम संपला की शेतकरी मैदानात धावतात आणि मातीतले दाणे वेचून घरी नेतात, आपल्या बियाण्यात मिसळायला. या दिवसाला त्यांचे नाव आहे 'फुएतमोंगखोन', बीजमंगल. आणि नांगराला राजविधीतला शब्द 'नंगखान'. आबा म्हणाले, "म्हणजे आपला नांगरच हो!" आमचा बेंदूर आणि त्यांचे बीजमंगल यांत अंतर एवढेच, की आपल्याकडे अधिकारी बैलामागे चालत नाही. आबांनी तिथल्या तिथे माझ्याकडे बघून तसे बोलूनही दाखवले.

दुसऱ्या दिवशी ओ तो को नावाच्या बाजारात गेलो. शेतकऱ्यांच्या मालासाठी सरकारी संस्थेने चालवलेला हा बाजार आहे. फरशी कोरडी, माशी नाही, प्रत्येक फळ पुसून मांडलेले. माल महाग, पण आम्ही पाहायलाच गेलो होतो. नाम दोक माई जातीचा आंबा पाहिला: लांबट, टोकदार, अंगावर एक डाग नाही. फळ लहान असतानाच झाडावर कागदी पिशवी घालतात, त्यामुळे साल एकसारखी पिवळी होते आणि फळमाशी लागत नाही. आमच्याकडे द्राक्षाच्या घडाला कागद बांधणारे बागायतदार आहेतच, आंब्याला बांधणारे अजून थोडे. पॅक्लोब्युट्राझोल देऊन ते लोक बिगरहंगामी मोहोर आणतात, म्हणून फेब्रुवारीतही पिकलेला आंबा. हापूसची सर त्याला नाही, हे आम्ही बारा जणांनी एकमताने ठरवले आणि मग आणखी चार विकत घेतले. गोड चिंच मात्र खरोखर गोड होती. वहिनी म्हणाल्या, "असली चिंच आमटीला काय कामाची?" पण घरी न्यायला तीन खोकी त्यांनीच घेतली.

टुकटुक नावाच्या तीनचाकीत आम्ही बारा जण चार गाड्यांत बसलो, त्यातली एक भलतीकडेच गेली आणि आबांसह तिघे दोन तास बेपत्ता होते. सापडले ते पाक ख्लोंगच्या फुलबाजारात, झेंडूच्या ढिगाशेजारी, गजरे करणाऱ्या एका बाईकडून जाईच्या कळ्यांची माळ ओवायला शिकत बसलेले. बाईला यांची भाषा येत नव्हती, यांना बाईची. आम्ही इकडे पोलिसांकडे जायच्या बेतात होतो!

पण ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो ते तिसऱ्या दिवशी घडले.

शहरापासून सुमारे १०० किलोमीटरवर दामनोन सदुआक येथे तरंगता बाजार आहे. माए क्लोंग आणि था चीन या दोन नद्या जोडणारा हा कालवा १८६६ ते १८६८ या काळात खणला. लांबी सुमारे ३२ किलोमीटर. होड्यांत फळे, होड्यांत चूल, होडीतूनच पैसे. सगळे प्रवाशांसाठी सजवलेले, त्यामुळे गर्दीला कंटाळून मी आणि आबांनी एक लहान होडी केली आणि आडबाजूच्या पाटाने आत गेलो.

आत बागा होत्या. जमीन मूळची दलदलीची. तिथल्या शेतकऱ्यांनी काय केले आहे, तर समांतर रुंद चर खणले आणि निघालेली माती मधल्या पट्ट्यांवर चढवली. आपण गादीवाफा म्हणतो तसाच, पण पाच-सहा मीटर रुंद आणि कमरेएवढा उंच. गादीवर नारळ, पेरू, जाम, पपनस, कुठे भाजी. चरात पाणी. वर्ष-दोन वर्षांनी चरातला गाळ उपसून पुन्हा गादीवर टाकायचा, म्हणजे खत बाहेरून थोडेच. पाणी द्यायचे तेही गमतीने: चरात लहानशी होडी, तिच्यावर पंप, दोन्ही बाजूंना छिद्रांच्या नळ्या. शेतकरी होडी ढकलत चरातून जातो आणि दोन्हीकडच्या गाद्या भिजतात. एक म्हातारा असे पाणी देत होता. त्याला हाताने विचारले, जमीन किती? त्याने पाच बोटे दाखवली. पाच राई. एक राई म्हणजे आपले जवळजवळ १६ गुंठे, तेव्हा दोन एकरांच्या आतबाहेर. बाहेरच्या कालव्याला बांधात एक लाकडी झडप होती. नदीला भरती आली की पाणी आत घ्यायचे, ओहोटीला सोडायचे. क्षार साचायला सवडच नाही.

मी होडीत बसून होतो आणि मला १९९८ साल दिसत होते.

त्या वर्षी माझ्या हद्दीतल्या एका गावात, नदीकाठी, एका शेतकऱ्याची साडेतीन एकर जमीन पाणथळ झाली होती. पंधरा वर्षे उसाला भरमसाट पाणी, निचरा नाही, मग वर पांढरा थर. त्याने मला हात धरून शेतात नेले. म्हणाला, "साहेब, कायतरी सांगा." मी तरुण होतो, दिवसभरात आणखी चार गावे करायची होती. मातीचा नमुनासुद्धा घेतला नाही. पायाने ढेकूळ फोडले आणि म्हणालो, "अण्णा, यात आता काही होणार नाही." पुढच्या वर्षी त्याने दोन एकर मिळेल त्या भावाने विकली. धाकटा मुलगा इचलकरंजीला मागावर गेला.

आबा तेव्हा त्याच गावाला होते. होडीत ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुम्ही बोललात तेव्हा मी शेजारी उभा होतो. मीही काही बोललो नाही."

आता एक गोष्ट शेतीखात्याचा माणूस म्हणून सांगितलीच पाहिजे. तिकडची पद्धत उचलून क्षारपड जमिनीत कुणी करू नये. त्यांच्याकडे गोडे पाणी रोज ये-जा करते. आपल्याकडे खालचे खारे पाणी वर चढते. नुसते चर काढून पाणी कोंडले तर वाटोळे होईल. आधी चराला शेवट हवा, म्हणजे पाणी नाल्याला किंवा ओढ्याला मिळाले पाहिजे, आणि त्यासाठी खालचा-वरचा शेजारी एकत्र यावा लागतो. माती-पाणी तपासणी, जमिनीखालून सच्छिद्र पाइपांचा निचरा, जमीन चोपण असेल तर जिप्सम, मग धैंचा. हे सगळे मला १९९८ सालीही पाठ होते, म्हणूनच त्या वाक्याची जास्त लाज वाटते.

परतताना माए क्लोंगच्या रेल्वेबाजारात थांबलो. रुळांवरच भाजी मांडलेली, गाडी आली की ताडपत्र्या मागे घ्यायच्या आणि गेली की पुन्हा पसरायच्या. आबांनी एका म्हातारीची ताडपत्री ओढायला मदत केली, टाळ्या मिळाल्या. त्या भागात नारळाच्या कोवळ्या फुलोऱ्यातून रस काढून कढईत आटवतात. वास थेट आमच्या गुऱ्हाळाचा. मी अर्धा किलो गूळ घेतला.

घरी आल्यावर आठ दिवसांनी तो गूळ घेऊन अण्णांकडे गेलो. ते आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. उरलेल्या दीड एकरात लव्हाळा आणि वेडी बाभूळ. मी अंगणात काठीने गाद्या आणि चर काढून दाखवले, होडी दाखवली, पंप दाखवला. १९९८ चे वाक्यही बोललो. त्यावर ते काही बोलले नाहीत. गुळाचा खडा तोंडात घोळवत त्यांनी माझ्या हातातली काठी घेतली आणि चराच्या टोकाशी टेकवली.

"साहेब, ती माणसं पाणी सोडत्यात कुठं?"

मी ओढ्याकडे हात केला. मध्ये दोन शेतकऱ्यांचे बांध आहेत. येत्या गुरुवारी संध्याकाळी त्या दोघांना अण्णांनी घरी बोलावले आहे, आबाही येणार आहेत, आणि मातीचे नमुने मी त्याच दिवशी पिशवीत भरून आणले आहेत.