गचका नेमका कधी येतो?

अँबॅसडरवर हात बसलेल्या मिस्त्रीने एमजीबीचं बॉनेट उघडलं, की लग्नाच्या गर्दीत मावसभाऊ भेटल्यासारखं होतं. ही दोन सीटांची ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात पाच लाखांवर बनली. तिचं १७९८ सीसीचं इंजिन बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सीरीजचं. आपल्या अँबॅसडरमध्ये वर्षानुवर्षं धावलेलं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन त्याच घराण्यातलं. एसयू कार्बोरेटरही ओळखीचा, फक्त इथे एकाऐवजी दोन.

मुंबईतल्या अशा एका मिस्त्रींकडे येणारी तक्रार ठरलेली असते. पिकअप घेत नाही, गचके खाते, पेट्रोल पोचत नाहीये, तेव्हा कार्बोरेटर खोलून साफ करा. मिस्त्री पान्याला हात लावत नाहीत. "साहेब, गचका कधी येतो? पाय दाबल्या दाबल्या, की घाट चढताना बराच वेळ दाबून धरल्यावर? की खोपोलीला चहा घेऊन परत निघाल्यावर?" मालकांना ही उलटतपासणी वाटते. पण दुखणं तिन्ही वेळी वेगळ्या जागी असतं, आणि कार्बोरेटर एकदा खोलला की पुरावा पेट्रोलबरोबर वाहून जातो.

चढावर हळूहळू दम सुटत असेल तर मिस्त्री गाडीच्या मागे जातात. एमजीबीचा विजेवर चालणारा पेट्रोल पंप मागच्या चाकाजवळ असतो. चावी फिरवली की तो टिकटिकतो, पुढे कार्बोरेटरच्या वाट्या भरल्या की थांबतो. इंजिन बंद असूनही टिकटिक थांबतच नसेल तर पंप कुठून तरी हवा ओढतोय, किंवा टाकीच रिकामी आहे. (दुसरी शक्यता मालकांना कधीच मान्य नसते.) अजिबात आवाज नसेल तर पंपाचे पॉइंट काळे पडलेले असतात. हातोडीच्या दांड्याने टकटक केली तर तो जागा होतो, पण तो घरी पोचण्यापुरता इलाज.

पाय दाबताच क्षणभर इंजिन घुटमळत असेल तर गोष्ट बदलते. पाय दाबताच पेट्रोलची जादा पिचकारी मारायला बऱ्याच कार्बोरेटरांत छोटा पंप असतो. एसयूमध्ये तो नाही. त्याचं काम वरच्या घुमटातलं चमचाभर पातळ तेल करतं. थ्रॉटल उघडला की आतला पिस्टन वर उसळू पाहतो, तेल त्याला जरा अडवून धरतं, आणि तेवढ्या वेळात जेटवरची ओढ वाढून मिश्रण रिच होतं. तेल संपलं की पिस्टन एकदम वर, हवा भरमसाट आणि गाडी गचकते. वरचं काळं झाकण फिरवून पाहायला मिनिटही लागत नाही. तरीही महागडं रिपेअर किट बसवून आलेल्या कार्बोरेटरात हे घुमट कोरडे सापडतात.

मिस्त्रींचा खरा जीव रमतो तो मात्र पेट्रोलचं सोंग घेणाऱ्या दुखण्यात. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली की पॉइंटखाली एक प्लेट दिसते. तिला अर्थिंग देणारी बारीक, सुती वेष्टणाची तार डिस्ट्रिब्युटरच्या अंगाला जोडलेली असते. थ्रॉटल हलला की व्हॅक्यूमने ही प्लेट किंचित फिरते, आणि दर वेळी तार वाकते. काही वर्षांनी आतला तांब्याचा धागा तुटतो, वरचं कापड मात्र शाबूत. आयडलवर गाडी गुण्यागोविंदाने चालते. पाय दाबला, प्लेट फिरली, की ठिणगी जाते. मिस्त्री मीटरचं एक टोक प्लेटला, दुसरं डिस्ट्रिब्युटरच्या अंगाला लावतात आणि व्हॅक्यूमची नळी तोंडात धरून हवा ओढतात. प्लेट फिरते, मीटरचा काटा हेलकावे खातो. हात न लावलेल्या कार्बोरेटरची निर्दोष सुटका होते.

चहानंतरचा गचका मात्र इंजिनाच्या रचनेतच आहे. कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, तेही एकावर एक. इंजिन बंद केलं की खालची आच वर चढते आणि वाटीतलं पेट्रोल उकळू लागतं. मध्ये पत्र्याची ढाल असते. मागच्या कुणीतरी ती "उगाच अडचण" म्हणून काढून टाकलेली नाही ना, हे मिस्त्री आधी बघतात. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. ते आपल्याबरोबर ऑक्सिजन आणतं, त्यामुळे जुन्या पेट्रोलवर लावलेली गाडी लीन चालते. जुने रबरी पाइपही मऊ पडतात आणि त्यांचा चुरा फ्लोटच्या सुईत अडकतो. पाइप बदलून झाले की मिस्त्री जेटखालचा षटकोनी नट एकेक पैलू फिरवत जेट खाली घेतात. मग कार्बोरेटरखालची पिन बोटाने जराशी उचलायची. इंजिन लगेच बंद पडलं तर अजून लीन. वेग चढून तिथेच राहिला तर रिच. क्षणभर किंचित चढून परत बसला तर जमलं.

अलीकडे बरेच मालक पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन मागतात. मिस्त्री बसवून देतात, पण कुरकुरत. किट घाटात गेलं तर तिथे मिळत नाही. पॉइंटला कानस मारून निदान घर गाठता येतं. काढलेली प्लेट, पॉइंट आणि कंडेन्सर डिकीतच ठेवायचे, ही त्यांची अट असते.