एका डोंगराचं पाणी

श्रीलंकेतल्या सिंहराजा जंगलात पाऊल ठेवलं न ठेवलं तोच बुटांवर जळवा चढल्या. मी सह्याद्रीत भटकणारा, आंबोलीचा पावसाळा अंगात मुरलेला. पश्चिम घाट आणि श्रीलंका मिळून जैवविविधतेचा एकच संवेदनशील प्रदेश का मानतात, ते तिथं जागोजागी पटत होतं. वाटेत एकदम सगळं रान बोलू लागलं. नारिंगी चोचीचे सातभाई पानं उलथवत पुढं सरकत होते आणि उडालेले किडे तुरेवाला कोतवाल टिपत होता. शिकारी पक्षी आला की ओरडून सावध करणाराही हाच. त्यांच्या मागोमाग निळा मॅगपाय आला. श्रीलंकेबाहेर तो कुठंही आढळत नाही.

पुढं हॉर्टन प्लेन्सला चढलो. दोन हजार मीटरहून उंच असलेल्या या पठारावर गवताळ माळ आहे आणि मधूनमधून शेवाळानं मढलेली खुजी झाडं. माळावर सांबरं निवांत चरत होती. धुकं आलं की या झाडांवर अडतं, त्याचं पाणी होऊन खाली ठिबकतं आणि मुरतं. श्रीलंकेतली सर्वांत लांब नदी महावेली, तिचे काही ओढे इथलेच. मात्र जंगलाच्या काही पट्ट्यांत झाडं उभ्या उभ्या वाळत चालली आहेत. ते पाहून मी सुन्न झालो.

हे पठार ज्या डोंगरावर आहे, त्याच्या पश्चिम उतारावरच नैऋत्य मोसमी पाऊस रिता होतो. महाबळेश्वर चिंब असताना वाईपलीकडं आभाळ कोरडं राहतं, तोच हा प्रकार. उत्तरेकडचा आणि पूर्वेकडचा सखल प्रदेश मुख्यतः हिवाळी पावसावर जगतो. म्हणून तिथल्या राजांनी तलाव बांधले. मिन्नेरियाचा तलाव राजा महासेनानं सुमारे सतराशे वर्षांपूर्वी बांधला. आता पोलगोल्लाहून वळवलेलं महावेलीचं पाणीही त्या बाजूला जातं.

ऑगस्ट-सप्टेंबरात मिन्नेरियाचा तलाव आटतो, उघड्या पडलेल्या काठावर कोवळं गवत उगवतं आणि आसपासच्या रानांतून हत्तींचे कळप तिथं जमतात. पिल्लांना पोटाखाली घेऊन चरणाऱ्या हत्तिणी मी डोळे भरून पाहिल्या. पण या कोरड्या दिवसांतही तलाव भरलेला राहिला तर हे गवत बुडतं. मोरागहकंद धरणाचं पाणी येऊ लागल्यापासून तिथले अभ्यासक हीच काळजी बोलून दाखवत आहेत.

महाराष्ट्राच्या जेमतेम एक पंचमांश असलेला हा देश. वर्षावन, धुक्यातलं पठार आणि हत्तींचं कोरडं रान हे तीन प्रदेश इतके जवळ असून एकाच डोंगरानं घडवलेले. त्यांच्याभोवती वेगवेगळी कुंपणं घालून ते वाचणार नाहीत. पठारावरचं धुक्यातलं रान जपावं लागेल आणि पाणी सोडण्याच्या वेळापत्रकात शेतकऱ्याच्या हंगामासोबत हत्तीचाही हंगाम मांडावा लागेल.