चिकूची खाज आणि माझी अहिंसा



घरात उंदीर शिरला की आपल्याकडे तो पिंजऱ्यात धरून लांब शेतात सोडून येतात. आमच्या घरात मात्र पिंजऱ्यातच दोन उंदरिणी राहतात, चिकू आणि पिस्ता. लेकीची मैत्रीण परगावी शिकायला गेली आणि या दोघी आमच्याकडे आल्या. सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, "अगं, लोक उंदीर घालवतात, तुम्ही आणताय!" आता मटार सोलताना चार दाणे त्याच आठवणीने बाजूला काढतात.

गेल्या पावसाळ्यात चिकू सारखी अंग खाजवू लागली. मानेवर आणि खांद्यावर बारीक खपल्या दिसल्या. दोघी भांडल्या असतील असं समजून मी खोबरेलात हळद कालवून लावली. पाच मिनिटांत तिनं सगळं चाटून साफ केलं. उंदीर दिवसातून कितीदा तरी अंग चाटतो, त्यामुळे वरून लावलेलं सगळं पोटात जातं, हे मला सुचलंच नाही.

लेक म्हणाली, "आई, माइट्स असतील. अगदी बारीक किडे असतात ते, डोळ्यांना दिसत नाहीत. डॉक्टर औषध देतील."

"औषधानं काय होईल?"

"किडे मरतील."

तिथेच मी अडले. चातुर्मास चालू होता. पाणी गाळून पिणारे आपण, डोक्यातली ऊसुद्धा मारू नये म्हणून शिकवलेले. आज बघू, उद्या बघू करत मी दहा दिवस काढले. रोज कापड बदलत होते, णमोकार म्हणत होते आणि मनाला समजावत होते की आपोआप बरं होईल.

अकराव्या दिवशी खपल्या फुटून ओल्या जखमा झाल्या होत्या. चिकू कोपऱ्यात अंग फुगवून बसली होती, मटारसुद्धा घेईना. सासूबाई पिंजऱ्याजवळ बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "तू दहा दिवस थांबलीस ते तिच्यासाठी, की तुझ्या मनाला लागू नये म्हणून?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं. आम्ही तडक डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. माइट्सच होते. ते म्हणाले, कित्येक उंदरांच्या अंगावर थोडे माइट्स असतातच. वय झालं, आजार किंवा ताण आला की ते वाढतात. जखमा किड्यांपेक्षा तिच्याच मागच्या पायांच्या नखांनी झाल्या होत्या. खाज असह्य झाली की उंदीर स्वतःलाच ओरबाडतो.

मग त्यांनी काय कसं ओळखायचं ते सांगितलं. मान, खांदे, हनुवटीवर खपल्या आणि खाज असेल तर बहुधा माइट्स किंवा उवा. उवा नीट पाहिलं तर डोळ्यांना दिसतात. कानाच्या कडा, नाक, शेपटी यांवर जाड खरबरीत पुटकुळ्या आल्या तर कातडीत शिरणारे माइट्स. केस गेलेला गोल, खवलेदार चट्टा नायट्याचा असू शकतो आणि तो आपल्यालाही होतो, म्हणून हात धुवायचे. केस गेलेत पण कातडी स्वच्छ आहे, तर सोबतीण केस कुरतडत असेल. टाचेखाली लाल सूज दिसली तर पिंजऱ्याची तारेची जमीन टोचतेय, तिच्यावर कापड घालायचं. डोळ्या-नाकाभोवतीचा लाल डाग रक्त नसतो, तो एक स्राव असतो. पण तो वाढला तर उंदीर आजारी किंवा घाबरलेला आहे असं समजायचं. आणि मादीच्या अंगाखाली गाठ लागली तर एक दिवसही थांबायचं नाही.

चिकूला तराजूत ठेवलं, २८० ग्रॅम. त्या वजनावर औषधाचे थेंब मोजून दिले. पिस्तालाही दिले, कारण एकत्र राहणाऱ्या सगळ्यांना द्यावंच लागतं. अंडी औषधानं मरत नाहीत, म्हणून ठरलेल्या दिवशी पुन्हा द्यायचं. कुत्र्या-मांजराचं औषध अंदाजानं कधीच लावायचं नाही, इवल्या जिवाला ते जास्त होतं. पिंजरा गरम पाण्यानं धुतला, अंथरूण टाकून दिलं. चीड-देवदाराच्या भुशाच्या वासानंही त्रास होतो, म्हणून आता कागदाच्या पट्ट्या घालते.

तीन आठवड्यांत चिकूच्या मानेवर नवी लव आली.

मैत्रिणींनो, औषधानं जीव गेले, ते मी नाकारत नाही. त्या संध्याकाळी प्रतिक्रमणात त्यांची क्षमा मागितली. पण त्याआधीच्या दहा दिवसांची क्षमा मागताना मला जास्त जड गेलं. त्या दिवसांत माझ्या हातून कुणी मेलं नाही, तरी एक पंचेंद्रिय जीव माझ्या डोळ्यांसमोर तडफडत होता आणि मी त्याला अहिंसा म्हणत होते. शास्त्रात प्रमादाला हिंसेचं मूळ का म्हटलंय, ते मला पिंजऱ्यापाशी कळलं.

आता दर रविवारी दोघींना मांडीवर घेऊन कानापासून टाचेपर्यंत बघते, वजन वहीत लिहिते, नखांची टोकं बोथट करते. वेळेवर दिसलं तर थोडक्यात भागतं, आणि कमी जीव जातात. यत्नाचार म्हणतात तो हाच असावा.

जय जिनेंद्र.