जेलीबीन्सच्या जमान्यातला कोच

२०२४ च्या मार्चमध्ये बॉब बोमन यांच्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठाने पुरुषांच्या पोहण्यात अमेरिकेचं आंतरविद्यापीठ विजेतेपद पहिल्यांदाच पटकावलं आणि काही दिवसांतच बोमन टेक्सास विद्यापीठाकडे निघाले. त्यांचा फ्रेंच शिष्य लिऑन मार्शां हाही सरावासाठी तिकडेच गेला आणि त्या उन्हाळ्यात त्याने पॅरिसला चार वैयक्तिक सुवर्णपदकं मिळवली. बोमन ज्यांच्या जागी आले, ते एडी रीस मात्र १९७८ पासून टेक्सासच्या तलावाकाठी उभे होते.

आमच्या पिढीच्या मनातला कॉलेजचा कोच असाच, एका जागी मुरलेला. म्युनिकच्या १९७२ च्या ऑलिंपिकमधला मिशीवाला मार्क स्पिट्झ आणि त्याची सात सुवर्णपदकं सगळ्यांना पाठ; त्याचे कॉलेजातले सर जेम्स काउन्सिलमन फारसे कुणाला ठाऊक नव्हते. ते इंडियाना विद्यापीठात १९५७ ते १९९० अशी ३३ वर्षं होते. डॉक्टरेट केलेली, म्हणून सगळ्यांचे ‘डॉक’. १९६८ ते १९७३ अशी सलग सहा वर्षं राष्ट्रीय विजेतेपद इंडियानाकडेच राहिलं.

आज टॅबलेटवर हाताचा प्रत्येक कोन दिसतो. डॉकनी त्यासाठी कॅमेरा पाण्याखाली नेला. तलावावर अंधार करायचा, पोहणाऱ्याच्या हाताला लुकलुकणारा दिवा लावायचा आणि फोटोत उमटलेली प्रकाशाची वाट बघत बसायचं! हात सरळ मागे जात नाही, नागमोडी जातो, हे त्यातून दिसलं. मग विमानाच्या पंखाला उचलून धरणारं तत्त्व त्यांनी तळहाताला लावलं. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमान चालवलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? पुढच्या अभ्यासकांनी त्या सिद्धांताला बरीच कात्री लावली. लावू देत. उत्तर चुकलं तरी प्रश्न त्यांनी स्वतः पाण्यात उतरून विचारला होता. १९७९ मध्ये, ५८ व्या वर्षी, ते इंग्लिश खाडीही पोहून गेले. तोवर इतक्या वयात ती कुणी पार केली नव्हती.

चांगलं टायमिंग दिलं की डॉक पोरांना जेलीबीन्सच्या गोळ्या द्यायचे. आता मात्र २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर अमेरिकेतली विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. गोळ्यांचं कौतुक करताना माझाही गळा भरून येतो, पण हौशीपणाच्या त्या सोवळ्यात खेळाडूला आपल्या नावावर कमावण्याची मुभा नव्हती. सात सुवर्णपदकांनंतर स्पिट्झ २२ व्या वर्षीच निवृत्त झाला.

वेगाचा हिशेब तर सोडूनच द्या. डॉकचाच शिष्य जिम माँटगोमेरी १९७६ मध्ये माँट्रियलला १०० मीटर ४९.९९ सेकंदांत पोहला, तेव्हा ५० च्या आत येणारा तो जगातला पहिला होता. पॅरिसमध्ये चीनच्या पान झानलने ४६.४० नोंदवले.

आणि ‘ते दिवस’ म्हणताना कोणाचे, हेही विचारायला हवं. १९६४ च्या टोकियोत डॉक अमेरिकी पुरुषांचे कोच होते. त्याच स्पर्धेत डॉना डी व्हरोनाने दोन सुवर्णपदकं जिंकली. ती १७ वर्षांची होती, पण मुलींना पोहण्यासाठी शिष्यवृत्ती देणारं कॉलेजच नव्हतं, म्हणून तिचं पोहणं तिथेच संपलं. शिक्षणात मुलींना बरोबरीचा हक्क देणारा कायदा आला १९७२ मध्ये. इंडियानाच्या आजच्या तलावाला डॉकचं नाव आहे. तिथे सराव करणाऱ्या लिली किंगने २०१६ मध्ये, विद्यार्थिनी असतानाच, रिओला १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं सुवर्ण मिळवलं.