घड्याळ स्मार्ट, बँक नॉट रिचेबल!

घड्याळाकडून आपल्या अपेक्षा किती वाढल्यात बघा! आजोबांचं घड्याळ रोज किल्ली दिली की खूश असायचं. बाबांचं तारीखही दाखवायचं. आपलं मात्र पावलं मोजतं, झोप मोजतं, बॉसचा मेसेज आला की मनगटाला गुदगुल्या करतं. मग पुढची अपेक्षा ओघानेच येते. मनगट मशिनला लावलं, टिंग वाजलं की बिल चुकतं. पाकीट नको, फोन नको. एकदम सही!

माझ्या मामेभावाला हे स्टाईल मारण्यासाठी नको होतं. त्याची खरीच गरज होती. तो नवलाख उंबऱ्याला, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात काम करतो. मावळातलं हे गाव मूळचं भातखाचरांचं. आता खाचरांच्या शेजारी कारखान्यांच्या शेड्स आहेत आणि शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसेसची रांग. त्याच्या कंपनीत कॅमेऱ्याचा फोन गेटवरच लॉकरमध्ये जमा होतो. घड्याळ मात्र चालतं, आणि कॅन्टीनमध्ये कार्ड टॅप करायचं मशिन आहे. दोन अधिक दोन चार! पगारातून पैसे साठवून पठ्ठ्याने घड्याळ घेतलं. दुकानदार म्हणाला होता, "एनएफसी आहे ना, पेमेंट होतं." आठवडाभराने मला फोन, "ताई, कार्डच ॲड होत नाही गं. माझी बँक लिस्टमध्येच नाही!"

तर मंडळी, ही लिस्ट काय भानगड आहे?

एनएफसी म्हणजे अगदी जवळून, चार-पाच सेंटिमीटरवरून मशिनशी बोलणारी चिप. पण बोलायला काहीतरी हवं ना! घड्याळात तुमच्या कार्डाचा खरा नंबर ठेवत नाहीत. त्याच्या बदली एक वेगळा नंबर तयार होतो, त्याला टोकन म्हणतात. त्यासाठी घड्याळाची कंपनी, कार्डाचं नेटवर्क आणि तुमची बँक या तिघांचं जमावं लागतं. रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या जानेवारीत मोबाईल आणि टॅब्लेटवर टोकनला परवानगी दिली. घड्याळं आणि बँड त्यात आले २०२१ च्या ऑगस्टमध्ये. पण परवानगी म्हणजे सक्ती नव्हे. कुठल्या घड्याळासाठी दार उघडायचं हे शेवटी बँकच ठरवते.

म्हणून आपल्याकडे मनगटावरचं पेमेंट आलं ते एकेका बँकेचं बोट धरून. २०२० च्या सप्टेंबरमध्ये टायटन आणि स्टेट बँकेने 'टायटन पे' आणलं. साधी काट्याची घड्याळं, चिप पट्ट्यात, आणि दोन हजारांपर्यंत पिनची कटकट नाही. पण खातं स्टेट बँकेतच हवं! २०२१ च्या मार्चमध्ये ॲक्सिस बँकेने ७५० रुपयांपासून पुढे बँड आणि कीचेन काढले. तेही ॲक्सिसच्याच खातेदारांसाठी. ॲपलचं घड्याळ भारतात आलं नोव्हेंबर २०१५ मध्ये, पण २०२४ संपलं तरी ॲपल पे काही आलं नव्हतं. गूगल वॉलेट २०२४ च्या मे महिन्यात आलं, पण तिकिटं आणि बोर्डिंग पास ठेवण्यापुरतंच. परदेशातल्या जाहिरातीत जे मनगट टिंग करतं, ते इथे आलं की गप्प!

बँकांनाच दोष का द्यायचा? २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि आपण सगळे क्यूआर कोडच्या प्रेमात पडलो. २०२० पासून त्यावर दुकानदाराला कमिशनही नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तर एका महिन्यात यूपीआयचे दोन हजार कोटींहून जास्त व्यवहार झाले. मग मूठभर घड्याळांसाठी कुठली बँक धावपळ करणार? गंमत म्हणजे यूपीआय घड्याळाच्या फारसं कामाचं नाही. कोड स्कॅन करायला कॅमेरा लागतो, खातं जोडायला नंबरचं सिम लागतं. घड्याळात बहुतेक वेळा दोन्ही नसतं. आणि कंपनीच्या गेटबाहेरच्या टपरीवर क्यूआर असतो, टॅपचं मशिन नसतं. म्हणजे मशिन आहे तिथे बँक नाही, बँक आहे तिथे फोन लॉकरमध्ये!

दुकानदाराने घड्याळ परत घेतलं नाही. 'चालू आहे ना?' म्हणाला. चालू होतंच म्हणा! भावाने मग साधा उपाय काढला. वाय-फायसारखी खूण असलेलं डेबिट कार्ड आयकार्डच्या पाऊचमध्ये ठेवलं. तेही टॅपच होतं, २०२१ पासून पाच हजारांपर्यंत पिन न टाकता. मर्यादा मात्र त्याने बँकेच्या ॲपमधून दोनशे रुपये केली. हरवलं तर हरवलं.

तुम्ही घड्याळ घ्यायला निघाला असाल तर 'एनएफसी आहे का?' एवढ्यावर थांबू नका. पेमेंट भारतात चालतं का, माझ्या बँकेचं चालतं का, आणि डेबिट चालतं की फक्त क्रेडिट, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर कंपनीच्या भारतातल्या यादीत स्वतः बघा आणि दुकानातच आपलं कार्ड जोडून दाखवा म्हणा. जोडलं गेलं तर पैसे मोजा. नाही गेलं तर ते घड्याळ वेळ बघायला घ्या, आणि तेवढेच पैसे द्या!