प्रश्न आधी आम्हांलाच तपासावे लागले

निकाल, बक्षिसे आणि नव्या खोल्या यांची नोंद या स्मरणिकेत इतरत्र होईलच. आम्हा शिक्षकांना येथे एका प्रश्नावलीची नोंद करावयाची आहे. कारण तिने मुलांपेक्षा आमचीच परीक्षा अधिक घेतली.

वसतिगृहातील काही मुले अबोल होत चालली होती, काहींना वाचन कमालीचे जड जात होते. अशा मुलांना वेळीच मदत मिळावी म्हणून पालकांना काही प्रश्न विचारावेत, असे आम्ही ठरविले. आधाराला युनिसेफ आणि वॉशिंग्टन गट यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेली प्रश्नमाला होती. तीत 'अपंगत्व' हा शब्द कटाक्षाने टाळला आहे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलाविषयी ती आईला साधेच विचारते : बरोबरीच्या मुलांच्या तुलनेत याला शिकणे कितपत अवघड जाते? हा फार घाबरलेला, काळजीत किती वेळा दिसतो. रोज, आठवड्याला, महिन्याला, वर्षातून काही वेळा, की कधीच नाही?

ते प्रश्न निश्चित होण्यापूर्वी भारतासह काही देशांत पालकांसमोर तपासले गेले होते. अशा तपासणीत उत्तर घेऊन थांबावयाचे नसते. 'प्रश्नाचा अर्थ आपण काय घेतला, उत्तर कशावरून दिले' हेही विचारावयाचे असते. आम्हीही आमचे मराठी प्रश्न छापण्याआधी, रोवणी आटोपून मुलांच्या भेटीस आलेल्या मोजक्या पालकांना ते वाचून दाखविले.

'मुलाला मानसिक त्रास आहे काय?' हा प्रश्न आम्ही पदरचा घातला होता. लाखांदूर तालुक्यातील एक माता तडक म्हणाली, "नाही जी गुरुजी, माहा पोरगा काही येडा नाही." 'तो उदास, गप्प राहतो काय?' असे विचारताच तीच सांगू लागली, की सुटीत घरी आल्यावर तो दोन-दोन दिवस बोलत नाही.

'मुलाला विशेष शिक्षणाची सेवा मिळते काय?' या प्रश्नाला एका वडिलांनी 'हो' म्हटले. कशावरून? "जादा तास घेता ना जी तुम्ही!" त्यांच्या मुलाला विशेष शिक्षकाने कधी तपासलेच नव्हते. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमताही आली. वाचन-लेखनात अडणाऱ्या मुलाला त्यामुळे हक्काची वाट मिळाली. पण वडिलांच्या त्या एका 'हो'ने हे मूल गरजूंच्या यादीतून निसटले असते.

'रोज की आठवड्याला?' या प्रश्नाने तर आम्हांलाच निरुत्तर केले. एक आई म्हणाली, "तो तुमच्यापाशीच रायते गुरुजी, मले काय मालूम?" खरेच होते. हा प्रश्न घरी राहणाऱ्या मुलासाठी रचलेला. आमची मुले तर वर्षाचा बहुतेक काळ वसतिगृहात असतात. रात्री उशीत तोंड खुपसून रडणारे मूल गृहपालाला दिसावयास हवे, आम्हांला दिसावयास हवे. आणि आम्ही स्वतःला एकही प्रश्न विचारला नव्हता.

मग 'मानसिक' हा शब्द वगळला. 'विशेष शिक्षकाने मुलाला तपासले आहे काय?' असे स्पष्ट विचारले. प्रत्येक मुलाविषयी दोन उत्तरे घेण्याचे ठरले : एक सुटीनंतर पालकांचे, दुसरे गृहपालांचे. दोन्ही उत्तरे न जुळलेला पहिला मुलगा लाखांदूरकडील त्या मातेचाच निघाला. उदास दिसतो काय, यापुढे गृहपालांनी लिहिले होते, 'कधीच नाही'. आमच्याही नोंदवहीत तोवर त्याच्या नावापुढे एवढेच होते : 'शांत, शिस्तप्रिय'. त्याला समुपदेशकाकडे नेण्यास आम्हांला एक वर्ष उशीर झाला होता.

माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. तुम्ही येथे राहत असताना आम्ही तुम्हांला कोणता प्रश्न विचारावयास हवा होता, ते आम्हांस अवश्य कळवावे. भंडारा जिल्ह्यातील या लहानशा शाळेची प्रश्नावली अजून पूर्ण झालेली नाही.