नव्या काबिजादीतून पत्रे

पेडणे, आश्विन वद्य प्रतिपदा, शके 1888

ती. दादांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

सावंतवाडीहून बांदामार्गे पत्रादेवी ओलांडून काल सायंकाळी येथे सुखरूप पोहोचलो. ज्या वाटेवर 15 ऑगस्ट 1955 रोजी निःशस्त्र सत्याग्रह्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या वाटेने आता कोणी हटकल्यावाचून जाता येते, हे अनुभवताना मन भरून आले. गावात पुनवेची गर्दी होती. भगवतीच्या देवळापुढील दोन दगडी हत्तींच्या सोंडांवर मुले चढून बसली होती, आणि ओट्याओट्यावर मात्र गोव्याच्या महाराष्ट्रातील विलीनीकरणाखेरीज दुसरा विषय नव्हता.

आपण विचारले होते की, या मुलखात दरवड्यांच्या इतक्या कथा का? त्याचे एक कारण येथे येताच उमगते. डिचोली 1781 मध्ये, सत्तरी 1782 मध्ये आणि पेडणे 1788 मध्ये पोर्तुगीजांच्या अमलाखाली गेली, म्हणून हा मुलूख नवी काबिजाद, आणि तेव्हापासून या भागाला एका बाजूस फिरंग्याची चौकी, तर काही कोसांवर सावंतवाडी संस्थानची अथवा इंग्रजांची हद्द, अशी दुहेरी कड लाभली. या बाजूस लुटावे आणि रान तुडवून त्या बाजूस नाहीसे व्हावे, याला ही भूमी सर्वथैव अनुकूल होती.

डिचोली, आश्विन वद्य चतुर्थी

ती. दादांस, शि. सा. न. वि. वि.

येथे येताना वाटेत अस्नोडे लागले. बाळा राया मापारी याच गावचा. गोवामुक्तीसाठी सशस्त्र लढणाऱ्या आझाद गोमंतक दलाच्या तरुणांनी पोलिसांच्या ठाण्यावर छापा घालून शस्त्रे हस्तगत केली, त्या प्रकरणी तो धरला गेला, आणि सहकाऱ्यांची नावे सांगण्याचे नाकारून 18 फेब्रुवारी 1955 रोजी कोठडीतील छळाने मृत्यू पावला. वय अवघे सव्वीस. मी गाडीतून उतरून काही वेळ तेथे उभा राहिलो.

मी ज्यांच्याकडे उतरलो आहे, ते घर जुन्या भाटकाराचे, म्हणजे जमीनदाराचे, आहे. चिऱ्याच्या भिंती दोन हात रुंद, बाहेरच्या अंगास खिडक्या लहान आणि उंचावर, आणि मुख्य दाराच्या आत भिंतीतल्या पोकळीतून ओढून आडवा सारायचा खैराचा अडसर. तो मी हाताने ओढून पाहिला. एका माणसाला तो सहज हलत नाही. त्याच्या मध्यभागी, धरण्याच्या जागी, लाकूड पिढ्यान्‌पिढ्यांच्या तळव्यांनी गुळगुळीत झाले आहे.

त्या अडसराची हकीकत घरातील वयोवृद्ध काकींनी रात्री सांगितली. ती त्यांनी आपल्या सासूबाईंकडून ऐकलेली, आणि काळ 1895 चा, म्हणजे आफ्रिकेत मोझांबिकला लढायला जाण्याचे नाकारून मराठा शिपायांनी पणजीत बंड केले, ते नाणूसच्या किल्ल्यावर गेले आणि सत्तरीचे राणे त्यांना मिळाले, त्या धामधुमीचा. सासूबाई तेव्हा नुकत्याच या घरी आल्या होत्या. दिवेलागण होऊन गेल्यावर अंगणात चुडींचा उजेड पडला, कुत्री एकाएकी गप्प झाली आणि कोणीतरी घरधन्याला नाव घेऊन हाक मारली. हाक ओळखीच्या आवाजाची होती, याचेच सर्वांना अधिक भय वाटले. घरात वीस माणसे, बंदूक एक, आणि दार फोडले तर आत काय होईल हे सांगायला नको होते. तेव्हा घरधन्याने, म्हणजे काकींच्या मामंजींनी, स्वतः अडसर मागे सारला.

"भात नेले, बंदूक नेली, सासूबाईंची मोहनमाळ नेली. देवघराच्या उंबऱ्याशी मात्र त्यांतला एकजण वाकून नमस्कार करून गेला, बाबा," काकी म्हणाल्या. "अन् चौथ्या दिवशी पाखल्यांचे, पोर्तुगीजांचे, सोजीर आले. बंडवाल्यांस धान्य दिलेत म्हणून त्यांनी मामंजींना अंगणात उभे केले आणि मुंडकार कुळांना काठ्यांनी मारले. उरलेले भात त्यांनी नेले."

दादा, रात्रीच्या त्या उजेडापेक्षा हे चौथ्या दिवसाचे अंगण माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. ज्याच्या घरी शस्त्रधारी शिरतात, त्याला नकार देण्याची सोय नसते, आणि पुढे सरकार जाब विचारते तो नेमका त्यालाच.

साखळी, आश्विन वद्य सप्तमी

ती. दादांस, शि. सा. न. वि. वि.

वाळवंटीच्या काठचे हे गाव राण्यांचे. केरीच्या घाटाने बेळगावकडून उतरणारे लमाणांचे तांडे धान्य आणीत आणि मीठ घेऊन परत जात. त्या वाटेवर ज्याची सत्ता, त्याच्या हाती मुलखाची नाडी. पोर्तुगीजांनी राण्यांच्या वतनी हक्कांस हात घातला, तेव्हा दीपाजी राण्यांनी 26 जानेवारी 1852 रोजी नाणूसचा किल्ला घेऊन तेथील शस्त्रे काबीज केली, आणि सरकारला 1855 मध्ये त्यांच्याशी तह करणे भाग पडले. त्यांच्यामागून कुष्टोबा राणे उठला. 1871 मध्ये तो मारला गेला. सरकारी दप्तरात तो दरोडेखोर, लोकांच्या गाण्यांत तो नायक. 1895 चे बंड मोडण्यासाठी तर राजाचा भाऊ दों आफोंसो फौज घेऊन लिस्बनहून आला; पुढे 1897 मध्ये माफी जाहीर झाली.

राण्यांच्या शौर्याविषयी माझ्या मनात निःसंशय आदर आहे. परकी सत्तेशी शतकभर झुंजत राहण्याची हिंमत गोमंतकात दुसऱ्या कोणत्या घराण्याने दाखवली? तथापि फौज पोसायची तर धान्य आणि पैसा हवा, आणि तो पुष्कळदा ज्याचे पाखल्यांशी काहीच देणेघेणे नव्हते अशा रयतेच्या कोठारातून आला, हेही तितकेच सत्य आहे. आझाद गोमंतक दलाचे तरुण मला या बाबतीत अधिक मोठे वाटतात. 1947 मध्ये त्यांनी हात घातला तो म्हापशाच्या सरकारी खजिन्याच्या रकमेवर. पुढे त्यांचे छापे पडले ते पोलीस ठाण्यांवर आणि जकातीच्या नाक्यांवर. त्यांचे शस्त्र सत्तेकडे रोखलेले होते, आणि पकडले गेल्यावर भोगायचे ते त्यांनी स्वतः भोगले. त्यांतील मोहन रानडे ऑक्टोबर 1955 मध्ये बेतीच्या ठाण्यावरील हल्ल्यात जखमी होऊन सापडले. गोवा मुक्त होऊन पाच वर्षे होत आली, तरी ते आजही पोर्तुगालातील काशियसच्या तुरुंगातच आहेत. त्यांच्या सुटकेसाठी आपल्याकडे जे प्रयत्न चालू आहेत, त्यांत आपण आपल्या शाळेतील सर्व शिक्षकांच्या सह्या अवश्य मिळवाव्यात.

आणखी एक विनंती. आजीचे माहेर मयेचे, म्हणजे येथून जवळचेच, आणि 1895 मध्ये ती सात-आठ वर्षांची असली पाहिजे. त्या वर्षी तिला आईने रात्रभर भाताच्या कणगीत बसवून ठेवले होते, एवढेच मी लहानपणी ऐकले आहे. कोण आले होते, काय नेले, मागाहून सोजीर आले की नाही, हे तिने आपणांस सांगितले असेल. जे आठवेल ते, क्रम न लावतादेखील, लिहून ठेवावे. राण्यांची बाजू सांगायला गाणी आहेत, पाखल्यांची सांगायला पणजीचे दप्तर आहे. मयेच्या त्या घराची बाजू सांगणारे आता आपणच उरला आहात.

सौ. आईस साष्टांग नमस्कार. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञांकित,
वसंत